पुढचा ॲक्सल उतरवण्याआधी

जुन्या जीपचा मालक गॅरेजमध्ये येतो तेव्हा त्याची मागणी बहुतेक वेळा एकच असते: गाडी उचलून द्या. म्हणजे जमिनीपासून उंच करा, मोठे टायर बसतील एवढी जागा करा, आणि जमलं तर खड्ड्यातले दणके कमी करा. यासाठी पुढचा ॲक्सल खाली घ्यावा लागेल असं मिस्त्रीने सांगितलं, तर मालक म्हणतो, घ्या की. किती पाटे, कुठला शॅकल, स्टेअरिंगचं काय, या प्रश्नांकडे त्याचं लक्षच नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक जुन्या जीपना नवीन सस्पेन्शनची गरज नसते. जे आहे ते कित्येक वर्षांत कुणी धड केलेलं नसतं, एवढंच. हे कळायलासुद्धा ॲक्सल उतरवावाच लागतो, ही त्यातली गंमत.

आपल्याकडे जीप म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती विलीजची किंवा तिच्या वंशातली महिंद्रा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना 1940 च्या सप्टेंबरमध्ये दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. युद्धानंतर 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्राने सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. 1953 मध्ये अमेरिकेत आलेलं उंच बॉनेटचं सीजे-3बी हे मॉडेल पुढे इथेच घडू लागलं आणि त्याच्या वंशातल्या गाड्या अनेक दशकं चालत राहिल्या. तालुक्याच्या साहेबांची जीप, साखर कारखान्याची जीप, वन खात्याची जीप, त्या सगळ्या याच घराण्यातल्या. आज कुणाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जी सापडते, तीही बहुधा यातलीच.

या गाडीची पुढची रचना साधी आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड ॲक्सल, म्हणजे स्पायसरचा मॉडेल 25. त्याच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन इंच रुंदीच्या पाट्यांचा एकेक संच. पाट्यांचं मागचं टोक फ्रेमला पिनने बांधलेलं, पुढचं टोक शॅकलवर झुलणारं. ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो आणि यू-बोल्टांनी त्यांना आवळलेला असतो. डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे सरकलेलं असतं, कारण ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्टच त्या बाजूने निघतो.

पाटा स्प्रिंगचं काम करतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो आणखी काय करतो, हे किट विकणारा सांगत नाही. ॲक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवतो तो पाटाच. ब्रेक मारल्यावर ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, तेव्हा त्याला अडवतो तोही पाटाच. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने थोडंफार शॉक ॲब्झॉर्बरचं कामही होतं. म्हणून पाटा बदलला की फक्त उंची किंवा मऊपणा बदलत नाही, स्टेअरिंग, ब्रेक आणि प्रोपेलर शाफ्ट या तिघांचं गणितही हलतं. लष्करी विलीजमध्ये डाव्या पुढच्या पाट्याखाली एक जादा पाटा बसवलेला असे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून ती सोय होती. नंतरच्या मालकांनी तो जादा पाटा पाहिला, दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत म्हणून काढून फेकला, आणि मग गाडी ब्रेकवर ओढते अशी तक्रार घेऊन आले.

ॲक्सल उतरवण्याचं काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. आदल्या दिवशीच सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावायची, पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक लावायचा तो ॲक्सलखाली नाही, फ्रेमखाली. स्टँड फ्रेमखाली असा ठेवायचा की पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटच्याही मागे जाईल. पुढे ठेवला तर पाटे निघताना तोच आडवा येतो. जॅकवर टांगलेल्या गाडीखाली शिरणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला, तरी त्याला बाहेर ओढून आधी स्टँड लावायला लावावा. यानंतर फ्रेमजवळ ब्रेकचा होज सोडून त्याचं तोंड बंद करायचं, ड्रॅगलिंक सुटी करायची, शॉक ॲब्झॉर्बर खालून सोडायचे. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पिनियनपासून काढला की त्याच्या टोप्या चिकटपट्टीने लगेच गुंडाळून ठेवाव्यात. नाहीतर आतल्या सुया जमिनीवर सांडतात आणि शोधत बसावं लागतं. यू-बोल्टचे नट सुटले तर उत्तम, नाही सुटले तर कापून टाका. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, त्यामुळे त्याच्याशी झटापट करण्यात काही हशील नाही. शेवटी शॅकल निघाले की ॲक्सल स्वतःच्याच चाकांवर ढकलत पुढे बाहेर काढता येतो. दोघांनी उचलून नेण्याचा पराक्रम करू नये.

सगळ्यात जास्त शिव्या खातात ते शॅकल. जुन्या विलीजचा शॅकल इंग्रजी यू अक्षरासारखा, दोन्ही पायांना आटे, आणि बुशही आट्यांचा. यातले काही शॅकल डाव्या आट्यांचे असतात. ओळखायची खूण म्हणजे खालच्या पायावरचा एक छोटासा उंचवटा, पण तो गंज आणि रंगाच्या थराखाली गाडला गेलेला असतो. नवखा माणूस नेहमीच्या दिशेने पाना मारत राहतो, नट हलत नाही, मग पान्याला पाइप घालून जोर लावतो आणि शॅकल पिळून तोडतो. आधी तारेच्या ब्रशने खरवडून तो उंचवटा पाहिला, तर हे टळतं. नंतरच्या महिंद्रा गाड्यांमध्ये रबरी बुश आले. ते सोडवायला सोपे, पण रबर गेलं की धातूवर धातू घासून ब्रॅकेटचं भोक अंडाकृती होतं.

ॲक्सल बाहेर आला की खरी तपासणी सुरू होते, आणि माझ्या मते खर्चातला पहिला पैसा इथे जायला हवा. पाट्यांचा संच सोडून एकेक पाटा हातात घेतला, तर खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून पडलेली खाच बोटाला लागते. ती खाच म्हणजे उद्याच्या तड्याची जागा. मधला सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर ॲक्सल हळूहळू एका बाजूला मागे सरकलेला असतो. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं की फरक लगेच कळतो. मूळ विलीजमध्ये हे अंतर 80 इंच असतं. फ्रेमची पुढची शिंगं, आडवी पट्टी, पाट्यांच्या ब्रॅकेटभोवतीचे जोड, सगळीकडे तडे पाहायचे. ओळंबा लावून चारही कोपरे जमिनीवर उतरवायचे आणि कर्ण मोजायचे. दोन कर्णांमध्ये फरक आला, तर नवीन पाट्यांचे पैसे फ्रेम सरळ करण्यासाठी वळवावे लागतील.

मग चाकांजवळचे गोळे. जुन्या जीपमध्ये पुढच्या चाकाला वळवणारा नकल एका पोकळ गोळ्याभोवती फिरतो आणि गोळ्याच्या आत ग्रीसमध्ये बुडलेला जॉइंट असतो. युद्धकाळातल्या गाड्यांत हा जॉइंट चार वेगवेगळ्या प्रकारांचा येई: बेंडिक्स-वाइस, रझेप्पा, ट्रॅक्टा आणि साधा स्पायसर क्रॉस. बेंडिक्सचा जॉइंट शाफ्टसकट उपसला आणि हातात वाकवला की त्यातल्या गोळ्या टपाटप जमिनीवर पडतात, कारण त्यांना धरून ठेवणारा पिंजराच नसतो. परत बसवताना त्या नेमक्या क्रमाने घालाव्या लागतात. गोळ्याचा पृष्ठभाग गंजून खडबडीत झाला असेल तर नवीन नमदा-सील घालूनही महिनाभरात ग्रीस बाहेर येतं आणि ब्रेकच्या लायनरवर पसरतं. नकल ज्यावर वळतो त्या किंगपिनच्या बेअरिंगला वरखाली हलवून पाहायचं. ती किती घट्ट बसली आहेत हे शिम बदलून ठरतं, आणि बरोबर बसली की नाही हे स्प्रिंगच्या काट्याने नकल ओढून मोजतात. अंदाजाने आवळणारे मिस्त्री आहेत. काहींचा अंदाज चांगला असतो.

यात एक गोष्ट आपल्याकडची खास. मूळची पेट्रोल जीप नंतर डिझेल झालेली असते. महिंद्राने प्यूजोच्या परवान्याची डिझेल इंजिनं बनवली, बाजारात जुनी डिझेल इंजिनं सहज मिळत, डिझेल स्वस्त होतं, त्यामुळे मालकाने पेट्रोल इंजिन काढून त्यातलं एक बसवलं. नवीन इंजिन जड, पाटे तेच. पुढची बाजू खचली. मग गावातल्या पाटेवाल्याकडे जाऊन एक पाटा वाढवून घेतला. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीप, चालवणाऱ्यांचं तर हे शास्त्रच होतं: माणसं वाढली की पाटा वाढवायचा. गाडी उंच दिसते, खचत नाही, पण रिकामी असताना पुढचा ॲक्सल पाट्यांवर हलतच नाही. सगळे खड्डे फ्रेमकडून थेट पाठीच्या मणक्यात येतात. अशा गाडीचा मालक सस्पेन्शन खराब आहे म्हणून नवीन किट मागतो. त्याला हवे असतात योग्य वजनाचे पाटे, तेही कमी.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणारे कारागीर अजून हायवेच्या कडेला सापडतात. थंड पाट्यावर हातोड्याने ठोकत ठोकत कमान दिली, तर काही काळ टिकते. भट्टीत लाल करून कमान दिली आणि नीट पाणी दिलं नाही, तर पाटा चांगला दिसतो, पण स्टीलचा कडकपणा गेलेला असतो आणि काही दिवसांत तो पुन्हा सपाट होतो. भट्टी, तेलात बुडवणं, परत मंद तापवणं, हे सगळं करणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. नाहीतर नवीन पाटे घ्या.

आता पर्याय. पहिला आणि बहुतेकांसाठी पुरेसा पर्याय म्हणजे मूळ मापाचे नवीन पाटे, नवीन बुश, नवीन यू-बोल्ट, नवीन शॉक ॲब्झॉर्बर. दुसरा पॅराबोलिक पाटे. यात पाट्यांची संख्या कमी, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता, आणि मधल्या भागात दोन पाट्यांमध्ये फट. घर्षण कमी म्हणून गाडी मऊ चालते. जुन्या लँड रोव्हरवाल्यांनी हे पाटे आपलेसे केले आहेत. पण घर्षण गेलं म्हणजे ते काम शॉक ॲब्झॉर्बरला करावं लागतं, त्यामुळे जुने शॉक तसेच ठेवून पॅराबोलिक पाटे लावले, तर गाडी होडीसारखी डोलते.

तिसरा पर्याय लांब शॅकलचा. स्वस्त, तासाभरात होणारा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. गाडी सरळ चालवणारी पुढच्या ॲक्सलची मापं लष्करी विलीजच्या पुस्तकात दिलेली आहेत: कॅस्टर 3 अंश, कॅम्बर दीड अंश, किंगपिनचा कल साडेसात अंश. कॅस्टर म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असणं. त्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. जीपमध्ये शॅकल पुढे आहे. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पूर्ण ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. गाडी एक-दोन इंच उंच झाली, पण रस्त्यावर भरकटायला लागली. मग ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालून तो परत मागे झुकवतात. कॅस्टर परत मिळतो, पण त्याच फटक्यात पिनियनचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वाकड्या कोनात फिरू लागतो. फोर बाय फोर टाकलं की आवाज, थोड्या दिवसांत क्रॉस जातो. किंगपिन आणि पिनियन दोन्ही एकाच हाउसिंगला पक्के आहेत. एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडणारच. यातून खरी सुटका एकच: नळीच्या टोकाचे गोळे कापून, फिरवून, परत वेल्ड करणं. ते काम चांगल्या जिगवर न केल्यास चाकं आयुष्यभर वाकडी.

चौथा पर्याय शॅकल मागे घेण्याचा. मूळ रचनेत पाट्याचं मागचं टोक पक्कं असल्याने खड्डा लागला की पाटा सपाट होऊन लांब होतो आणि ॲक्सल पुढे, म्हणजे खड्ड्याच्या दिशेने सरकतो. दणका त्यामुळेच बसतो. पक्कं टोक पुढे घेऊन शॅकल मागे टाकला, तर ॲक्सल खड्ड्यापासून मागे हटतो आणि डांबरी रस्त्यावर गाडी बरीच शांत होते. पण आता चाक वर आलं की प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी व्हायला हवी. त्याच्या सरकणाऱ्या जोडात तेवढी जागा नसेल तर शाफ्ट आतून ट्रान्सफर केसवर ठोकतो. ब्रेकवर नाकही जास्त खाली जातं. लांबच्या प्रवासाला वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी हा बदल मला पटतो. डोंगरात कमी वेगाने चढणाऱ्या गाडीसाठी नाही.

पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर नेणं हा शौकीन लोकांचा लाडका उपाय. एका झटक्यात चार-पाच इंच उंची मिळते आणि मूळ मऊ पाटेही तसेच राहतात. किंमत इतर ठिकाणी द्यावी लागते. ॲक्सल आता पाट्याच्या खाली टांगलेला असल्याने ब्रेक लावल्यावर पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुडपतो. स्टेअरिंगचे दांडे तिरपे होतात आणि खड्डा लागला की हात न हलवता चाक वळतं. ब्रेकचा होज लहान पडतो, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. आधीच अरुंद असलेल्या, चाकांमधलं अंतर जेमतेम चार फूट असलेल्या गाडीत हे वाढणं थट्टेचं नाही. नवीन बैठका वेल्ड कराव्या लागतात, आणि डिफरन्शियलच्या बाजूची बैठक ओतीव हाउसिंगलाच लागून असल्याने तिथे वेल्डिंग करणारा खरोखर जाणता लागतो.

शेवटी कॉइल स्प्रिंग. यात काही नवीन नाही. फोर्ड ब्रॉन्कोने 1966 मध्ये पुढच्या अखंड ॲक्सलला कॉइल दिले, रेंज रोव्हरने 1970 मध्ये चारही चाकांना. मर्सिडीजची जी वॅगन 1979 मध्ये कॉइलवरच आली, जीपच्या रँग्लरने मात्र 1990 च्या दशकात पाटे सोडले, आणि सुझुकीच्या जिम्नीनेही त्याच दशकात. आपली जिप्सी शेवटपर्यंत पाट्यांवरच चालली. कॉइल फक्त वजन पेलतो. ॲक्सलला धरून ठेवायला वेगळे हात लागतात आणि आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. तो रॉड आणि आडवा ड्रॅगलिंक एका लांबीचे, एका कोनात असावे लागतात, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग खेचलं जातं. जुन्या जीपची फ्रेम या हातांचे झटके घेण्यासाठी बनलेली नाही, म्हणजे तिलाही बळकट करायला हवं. इतकं सगळं केल्यावर उरते ती नवीन गाडी, जुन्या बॉडीखाली. पुढची चाकं स्वतंत्र करण्याचा प्रयोगही जुना आहे. 1963 च्या जीप वॅगनीयरला तो पर्याय मिळत होता, थोड्याच वर्षांत बंद पडला. महिंद्राने 2010 च्या थारमध्ये सीआरडीई इंजिनसोबत तो आणला. जुन्या जीपखाली तो घुसवण्यापेक्षा ती थारच विकत घेतलेली बरी.

हे सगळं झाल्यावर आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. मूळ मापाचे पाटे आणि बुश ही दुरुस्ती झाली. पाटे वर नेणं, कॉइल लावणं, टायर तीन इंच मोठे करणं हा बदल झाला, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला गेल्यावर तपासणारा तो पाहतो. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी विचार करावा. 2021 च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांच्यात मोठा बदल झालेला नसावा. 1960 च्या दशकातल्या जीपची फ्रेम कापून कॉइलचे मनोरे उभारणाऱ्याने हा दरवाजा आपल्या हाताने बंद केलेला असतो. डिझेल इंजिन टाकलेल्यांनी तर आधीच.

ॲक्सल परत बसवताना घाई नडते. रबरी बुश असतील तर पिनचे नट गाडी स्टँडवर असताना आवळायचे नाहीत, गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसलं आहे ना, हे यू-बोल्ट आवळण्याआधी बघायचं. ब्रेकमधली हवा काढायची, स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून टायर पाट्याला किंवा होजला लागत नाही ना ते पाहायचं, आणि नवीन यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या चालण्यानंतर पुन्हा आवळायचे. मग रस्त्यावर न्यायची. साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरू लागली तर दुकानदार लगेच स्टेअरिंग डॅम्पर पुढे करतो. तो परत ठेवायला सांगा आणि किंगपिनची बेअरिंगं, टायरॉडची टोकं आणि कॅस्टर पुन्हा तपासा.